पांढरीची घरे आणि आपण

आपल्या वऱ्हाडात शेतजमिनीला 'काळी' म्हणतात आणि वस्तीला 'पांढरी'. घरबांधणीचे अर्धे शास्त्र या दोन शब्दांतच आले. यवतमाळ जिल्ह्यातली काळी कपाशी पिकवते, पण पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तडकते. म्हणून जुन्या माणसांनी भिंतींना पांढरी माती घेतली, तुळयांना इथलेच सागवान आणि छपराला कवेलू. गरिबाने पऱ्हाट्या-तुराट्यांचा कूड उभारून त्यावर शेणमातीचा लेप दिला.

या घरांची भाषा तपासली तर आपला वाटाही दिसतो. इमारत, दालान, तावदान, गिलावा हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच झाले. आम्ही उर्दू शाळेत 'मेहराब' शिकवतो. तीच मराठी वाड्याची 'महिरप'. शब्द एकटे येत नाहीत, त्यांच्यासोबत कारागिरांचे हातही येतात.

१५९६ च्या सुमारास वऱ्हाड मोगलांकडे गेले. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये आपले कळंब आहे. त्याच ग्रंथात विटा, चुना, लाकूड यांचे भाव दिले आहेत. वाळ्याच्या ताट्या दाराला लावून त्यांवर पाणी शिंपडले की हवा गार होते, हेही त्यात नोंदवले आहे. आज विदर्भातल्या घराघरांतला कूलर याच तत्त्वावर चालतो!

वणी भागातला चुनखडक पूर्वी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजून चुना होत असे. घाणीत मळलेला हा चुना हवेतला कार्बन वायू पुन्हा शोषत वर्षानुवर्षे घट्ट होतो. सिमेंटला मात्र १४०० अंशांहून अधिक तापमान लागते. त्याच वणीच्या पट्ट्यात मुकुटबनला २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला. दगड तोच, पण घर बदलले.

मातीच्या घराला दरवर्षी डागडुजी लागते, वाळवी लागते. ते सोसणाऱ्या बायकांचे कष्ट विसरून जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण घरकुलाच्या अनुदानात पातळ भिंती आणि उघडा स्लॅब उभारला, तर मे महिन्यात रात्रीही छत तापलेले राहते आणि कमाई वीजबिलात जाते. मग 'पक्के' घर कोणासाठी पक्के?

तेव्हा पाया आणि स्लॅब सिमेंटचा असू द्या, पण गच्चीवर दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात द्या. पश्चिमेची भिंत जाड ठेवा, खिडक्या समोरासमोर ठेवा, त्यांवर सज्जा काढा. मोहल्ल्यातला वयस्क मेमार अजून हयात आहे, तोवर त्याला विचारा. त्याच्या हातातले ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते त्याच्यासोबत गेले, तर आपल्या मुलांना शिकवायला आमच्याकडे फक्त शब्द उरतील.