डॉसचे खेळ, लिनक्सचं घर

साल १९९१, महिना जानेवारी. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ३८६ प्रोसेसरचा नवा संगणक घेतला. त्यावर डॉस होतं. त्याला हवी होती मिनिक्स ही कार्यप्रणाली, पण तिच्या फ्लॉपी यायला वेळ लागला. मधल्या काळात हा तरुण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत बसला. आत्मचरित्रात त्यानंच हे सांगितलं आहे. त्याच वर्षी त्याच संगणकावर लिनक्सचा जन्म झाला.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे संगणकाच्या क्लासला गेलेल्या अनेकांना हा प्रिन्स आठवत असेल. तळघरातून पळणारा, जमिनीतून उसळणारे सुळे चुकवणारा, तासाभरात राजकन्येपर्यंत पोचू पाहणारा. मग असा खेळ लिनक्सवर जसाच्या तसा का चालत नाही?

डॉसमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा आणि अख्खं यंत्र त्याच्या हवाली असायचं. खेळ पडद्याशी आणि साउंड कार्डाशी थेट बोलायचा. लिनक्स म्हणजे अनेक बिऱ्हाडांची चाळ. तिथं कोणालाही परस्पर मुख्य नळाला हात लावता येत नाही.

यावर पहिला तोडगा १९९२ मध्ये निघाला, डॉसएमू. ३८६ प्रोसेसरमध्येच जुन्या ८०८६ सारखं वागण्याची सोय होती, तिचा त्यानं उपयोग केला. २००२ मध्ये पीटर वीन्स्ट्रा आणि शूर्ड व्हान डर बर्ग या दोन डच प्रोग्रामरांनी डॉसबॉक्स आणला. त्यानं पुढची मजल मारली. बहुरूप्यानं सोंग आणावं तसं तो अख्ख्या जुन्या संगणकाचं सोंग आणतो: प्रोसेसर, पडदा, साउंड ब्लास्टर, सगळ्याचं. वेगही मुद्दाम कमी करता येतो, नाहीतर जुने काही खेळ आजच्या यंत्रावर भरधाव सुटतात. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत.

पण सोंगानं खेळ चालतो. तो टिकण्यासाठी आणखी काही लागतं. 'डूम'चं उदाहरण पाहा. इड सॉफ्टवेअरचा हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये डॉसवर आला. चार वर्षांनी कंपनीनं त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. गंमत अशी, की डॉस आवृत्तीतल्या आवाजाच्या भागावर दुसऱ्याचा हक्क होता. म्हणून खुला झाला तो लिनक्स आवृत्तीचा कोड! पुढं कितीतरी यंत्रांवर डूम पोचला, तो याच कोडच्या आधारानं. त्यातली चित्रं आणि तळघरं मात्र खुली झाली नाहीत.

प्रिन्सची गोष्ट याच्या उलट. जॉर्डन मेकनर यांनी तो मुळात अ‍ॅपल-टू या संगणकासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यांनी त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून प्रिन्सच्या हालचाली काढल्या. एवढ्या मेहनतीचा मूळ कोड पुढं हरवला. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात एक खोका सापडला आणि त्यात त्या फ्लॉपी निघाल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या वाचल्या आणि मेकनर यांनी तो कोड लगेच सर्वांना दिला. डॉसवरचा प्रिन्स मात्र हौशी लोकांनी त्याच्या तयार प्रोग्रामची एकेक आज्ञा उकलून नव्यानं बांधला. तो आज लिनक्सवर कोणत्याही सोंगाशिवाय पळतो.

जुन्या वस्तू आपण कुलपात जपतो. संगणकाच्या बाबतीत कुलूपच घातक ठरतं. फ्लॉपीवरचं चुंबकत्व विरत जातं, वाचणारी यंत्रं भंगारात जातात. टिकतं ते, ज्याची नक्कल करायला मालकानं वेळेवर हो म्हटलं. मायक्रोसॉफ्टनंही एमएस-डॉस ४.० चा कोड २०२४ मध्ये खुला केला.

हा प्रश्न केवळ खेळांचा नाही. पुण्याच्या सी-डॅकचा 'एएलपी' हा भारतीय भाषांमध्ये मजकूर लिहिण्याचा प्रोग्रामही डॉसवरच चालायचा. अशा प्रोग्राममध्ये लिहिलेला मराठी मजकूर कोणाच्या कपाटात, फ्लॉपीवर पडून असेल, तर तो बाहेर काढायची वेळ हीच आहे.