एका विलोला कायदा, दुसऱ्याला जेसीबी

बॅट घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "इंग्लिश विलो की काश्मीर विलो?" पण विलो आपल्या ओढ्या-नद्यांच्या काठीही आहे, आणि त्याचं नाव वाळुंज, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वाळुंज, वाळुंजकर ही आडनावं माहीत असतात, झाड नाही. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

बॅटचा तो पांढरा विलो, सॅलिक्स आल्बा. आपला वाळुंज म्हणजे सॅलिक्स टेट्रास्पर्मा. कूळ एकच. दोघांची पानं लांबट, खालून पांढुरकी. दोघांतही नर झाड वेगळं, मादी वेगळी. दोघांनाही पाय पाण्यात लागतात. फरक हवामानाचा. पांढरा विलो थंडीतला, हिवाळ्यात निष्पर्ण होऊन वसंतात फुलणारा. वाळुंज उष्ण प्रदेशातला, पावसाळा सरला की फुलणारा.

जुने उपयोगही सारखेच. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्याने विलोच्या सालीची पूड सुमारे ५० तापकऱ्यांना दिल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं. वाळुंजाची सालही आपल्याकडे तापावर वापरायचे. फांद्यांच्या टोपल्या व्हायच्या, लाकडाचा कोळसा बंदुकीच्या दारूत जायचा.

मग नशीब वेगळं का? कारण क्रिकेट. इंग्लंडात एसेक्स, सफोकच्या ओलसर जमिनीत पांढऱ्या विलोचा बॅटसाठीचा खास वाण कलमं लावून वाढवतात, १५-२० वर्षांनी तोडतात आणि पुन्हा लावतात. फाळणीनंतर सियालकोटचे क्रीडासाहित्याचे कारागीर जालंधर-मेरठला आले, तिथल्या बॅटांना काश्मीरचा विलो लागू लागला. लाकूड इतकं बाहेर जायला लागलं की २००० साली जम्मू-काश्मीरने कच्चा विलो राज्याबाहेर न्यायला बंदी करणारा कायदाच केला. बॅट इथेच बनवा, मग न्या. अनंतनागजवळच्या संगमच्या कारखान्यांचं पोट त्यावर आहे.

वाळुंजाच्या मागे कुणीच नाही. ना कारखाना, ना गिऱ्हाईक. तो करतो ते काम फुकटचं: मुळांनी काठाची माती धरून ठेवतो. पूर आला की वाकतो, ओसरला की परत उभा राहतो. अशा कामाचं बिल निघत नाही, म्हणून अंदाजपत्रकात ते दिसतही नाही.

इतकी वर्षं बातमीदारी करताना नदी खोलीकरणाच्या, सुशोभीकरणाच्या अनेक फाईली चाळल्या. त्यात किती घनमीटर गाळ, किती मीटर भिंत, सगळं असतं. काठावरची झाडं मात्र बहुतेक वेळा 'झुडपे काढणे' या एका ओळीत संपतात. मग जेसीबी फिरतो, आणि दोन पावसाळ्यांनी काठ ढासळला की त्याच जागी दगडी भिंतीचं नवं टेंडर.

काश्मीरला विलोची किंमत कळली ती झाडं संपू लागल्यावर. आपण तोवर थांबायचं का? मागणी साधी आहे. पुढचं नदीचं काम निघेल तेव्हा आधी काठावरच्या झाडांची जातवार मोजणी करा, ती यादी ग्रामसभेत वाचा, आणि वाळुंज आहे तिथे मशीन लावू नका. ग्रामसभेला जाणाऱ्यांनी हा प्रश्न विचाराच. आणि तुमच्या ओढ्याला वाळुंज उरलाय का, तेही खाली लिहा.