पंडित वकिलांचा खटला

मी दिवाणी वकील. नागरिकत्वाच्या अमेरिकी निकालांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सखाराम गणेश पंडितांचा खटला.

१७९०च्या कायद्याने तिथे नागरिक होण्याची मुभा फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसांना होती. १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही ती मिळाली. आशियातले बाहेरच राहिले. मग गोरा कोण, हे एकेक कोर्ट ठरवत बसलं. १९१०मध्ये मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा गोरे ठरले. १९१४मध्ये लॉस एंजेलिसला पंडितही नागरिक झाले आणि पुढे तिथेच वकिली करू लागले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात पंडितांनीच मांडली. जपानच्या ताकाओ ओझावांना नाकारताना याच कोर्टाने नुकतंच म्हटलं होतं, गोरा म्हणजे कॉकेशियन. तेव्हाचं वंशशास्त्र भारतीयांनाही कॉकेशियनच मानत होतं. थिंडांनी तोच आधार घेतला, तर फेब्रुवारी १९२३मध्ये न्या. जॉर्ज सदरलँड यांनी शास्त्र बाजूला सारलं आणि सामान्य माणसाची समजूत ग्राह्य धरून थिंडांना गोरं मानायला नकार दिला. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले! हा निकाल वाचताना आजही संताप येतो. भाषा शिकून, कर भरून, युद्धावर जाऊनही पुरी करता येणार नाही अशी ती अट होती.

त्यानंतर सरकार भारतीयांना आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेऊ लागलं. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता गेली, भारतात जायला अमेरिकी पासपोर्टही मिळेना. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

पंडितांवरही खटला झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तुमच्या शब्दावर विसंबून मी भारतातल्या वारशावरचा हक्क सोडला, इथे वकिलीची सनद घेतली, अमेरिकी बाईशी लग्न केलं, आता माझ्याबरोबर तीही कुठल्याच देशाची राहणार नाही. खालच्या कोर्टाला ते पटलं. अपील कोर्टाने १९२६मध्ये सांगितलं की, एकदा लागलेला निकाल सरकारला असा पुन्हा उकरता येणार नाही. जमिनीच्या दाव्यात आम्ही रोज हाच मुद्दा मांडतो. माणसाच्या नागरिकत्वाला निदान सात-बाराइतकी तरी शाश्वती हवीच.

१९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि उरलेले खटले सरकारने सोडून दिले. नव्याने अर्ज करू पाहणाऱ्या बहुतेक हिंदी माणसांना मात्र १९४६च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. त्या कायद्यानेही भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला जेमतेम शंभर जागा ठेवल्या.