रमच्या टाकीतलं दुभंगणारं यीस्ट

१८९३ साली बर्लिनमध्ये पाउल लिंडनर यांना पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या बिअरमध्ये एक वेगळंच यीस्ट सापडलं. पाव फुगवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला अंगावर कळी फुटते आणि वाढून ती सुटी होते. हे मात्र कांडीसारखं लांब. मधोमध पडदा धरून त्याचे दोन सारखे भाग व्हायचे. त्या बिअरला स्वाहिलीत पोंबे म्हणतात, म्हणून यीस्टचं नाव पडलं शिझोसॅकरोमायसिस पोंबे.

त्याचं गोत मात्र उसाच्या मुलखात आधीच पसरलेलं होतं. ख्रिस्तियान आइकमन यांना बेरीबेरीवरच्या कामासाठी १९२९ साली नोबेल मिळालं. त्यांनीच १८९४ साली जावातल्या बटाव्हियाच्या अरकाचा अभ्यास केला. मळी आंबवून गाळलेल्या त्या दारूतही दुभंगून वाढणारं यीस्ट निघालं. त्याच दशकात पर्सिव्हल ग्रेग यांना ते जमैकाच्या रममध्ये दिसलं.

जमैकात ते टिकलं, याचं कारण तिथल्या रिवाजात आहे. भट्टीतून मद्यार्क निघून गेला की तळाशी काळं, आंबट पाणी उरतं. तिथे त्याला डंडर म्हणतात. ते फेकून न देता मळेवाले पुढच्या घाण्यात मिसळत. त्यात मळी, रस उकळताना वर आलेला फेस, कधी मुद्दाम आंबवलेला उसाचा रस. या मिश्रणात आम्ल आणि क्षार इतके असतात की कळी फुटणारं यीस्ट लवकर हतबल होतं. दुभंगणारं यीस्ट तग धरतं, पण सावकाश काम करतं. हा सावकाशपणाच रमच्या कामी आला. टाकी दिवसेंदिवस आंबत राहते, तेवढ्या अवधीत जिवाणू ब्युटिरिकसारखी आम्लं तयार करतात. एरवी या आम्लाला खवट लोण्याचा वास. मद्यार्काशी जोडलं गेलं की त्याचंच एस्टर होतं आणि अननसाचा घमघमाट सुटतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एस. एफ. अ‍ॅशबी यांनी जमैकातच या यीस्टचा बारकाईने अभ्यास केला. मळेवाल्यांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तरी डंडर जपताना त्याला हवं तसं घर ते पिढ्यान् पिढ्या राखत आले होते. याला मी अडाणी नशीब म्हणणार नाही. नाकाने केलेली ती निवडच होती.

या कुळाची एक शाखा प्रयोगशाळेत गेली. रमच्या टाकीतली नव्हे, द्राक्षरसातली. १९४०च्या दशकात स्विस संशोधक उर्स लॉयपोल्ड यांनी तिच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासाचा पाया घातला. कांडी किती लांब झाली यावरून पेशी विभाजनाच्या किती जवळ आली ते कळतं. या सोयीवर पॉल नर्स यांनी पेशीविभाजनाचं नियमन उलगडलं आणि २००१ साली ते नोबेलचे एक मानकरी ठरले.

मळीच्या बाजूने खरी सुधारणा केली ती पोर्तो रिकोच्या राफाएल अरोयो यांनी. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रमवरच्या संशोधनात मळी आधी शुद्ध करून घेण्यावर भर आहे. जड, सुवासिक रमसाठी त्यांनी पोंबे यीस्ट आणि ब्युटिरिक आम्ल करणारा जिवाणू ही जोडी जाणूनबुजून एकत्र नांदवली. डंडरवर सोडलेलं काम आता निवडलेल्या जिवांकडे आलं.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत गणित उलटं असतं. तिथे हवा असतो शुद्ध, वासरहित मद्यार्क. म्हणून वेगवान यीस्ट, कमी तास आणि टनामागे जास्त लिटर. त्या कामाला तेच योग्य. पण मळीचं आंबवण सुधारायचं म्हणजे नेहमी वेगच वाढवायचा, हा समज जमैकात टिकत नाही. ट्रेलॉनी परगण्यातली हॅम्पडेन डिस्टिलरी आजही हवेतल्या आणि टाकीतल्या रानटी यीस्टवरच भिस्त ठेवते, डंडर वापरते. तिच्या सर्वांत जड रममध्ये १०० लिटर शुद्ध मद्यार्कामागे एस्टरचं प्रमाण दीड हजार ग्रॅमच्या वर जातं.