एका कल्पितनगरीचा कायदेकारभार

महाविद्यालयांतून भरणाऱ्या अभिरूप संसदांचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला असेल. कोणी पंतप्रधान होतो, कोणी विरोधी पक्षाचा पुढारी, तर कोणी सभापतीच्या आसनावर बसून दोघांनाही गप्प करतो. १९६२ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने अशा संसदा शिक्षणसंस्थांतून भरविण्याची शिफारस केली आणि १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत केंद्र सरकारने तो उपक्रम सुरूही केला. त्यामुळे वक्तृत्वाला वळण लागते, सभाशास्त्राची ओळख होते, हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि या संसदेत एक उणीव राहतेच. तिने संमत केलेला कायदा कोणालाही बांधीत नाही. घंटा झाली की सरकार आणि विरोधी पक्ष एकाच बसने घरी जातात. कायदा करणे अवघड का असते, हे अशा सभेत उमगत नाही. कारण ती अडचण भाषणे संपल्यानंतर सुरू होते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेत मात्र असे एक कल्पित राज्य उभे राहिले, की जेथे वस्ती खोटी, घरे खोटी, नावेही खोटी असून कायदा तेवढा खरा होता. तो मोडणाऱ्यास शासन होई आणि तो करणाऱ्यास त्याचे परिणाम सोसावे लागत. या राज्याच्या पहिल्या सहा वर्षांचा इतिहास प्रशासनात आयुष्य घालविणाऱ्या वाचकांनी अवश्य पाहावा असा आहे.

त्याचे नाव ‘लॅम्डामू’. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगावयास हवी. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी संगणकावरील एक साहसाचा खेळ रचला. अनेक माणसे आपापल्या यंत्रापुढे बसून एकाच कल्पित प्रदेशात एकाच वेळी वावरू शकतात, ही त्यातली नवी गोष्ट होती. त्याच जातीची रचना पुढे नेऊन १९९० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या पाव्हेल कर्टिस यांनी लॅम्डामू उभे केले, आणि पुढल्या वर्षी ते सर्वांस खुले झाले. तेथे चित्र नव्हते, आवाज नव्हता. जे काही होते ते शब्दांत होते. कर्टिस यांनी आपल्याच घराचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून शब्दांनी एक विस्तीर्ण वाडा बांधला. नवागत कपड्यांच्या कपाटातून दिवाणखान्यात प्रवेश करी. जिंकणे-हरणे नव्हते, गुणांची मोजदाद नव्हती. प्रत्येक जण एक नाव आणि एक वर्णन धारण करून राही, इतरांशी बोले, आणि जागा मंजूर झाल्यास स्वतःच्या खोल्या, बागा आणि यंत्रे शब्दांनी व आज्ञावलींनी बांधी. पाहता पाहता हजारो माणसांनी तेथे नावे नोंदविली.

अशा वस्तीला कारभारी लागतोच. संगणकाच्या सर्व किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांना तेथे ‘जादूगार’ म्हणत. यंत्र चालू ठेवणे, तंटे मिटविणे, उपद्रवी माणसाला समज देणे आणि शेवटचा उपाय म्हणून त्याला ‘बेडूक करणे’ ही कामे त्यांची. परीकथेतील शापावरून आलेला हा शब्दप्रयोग. त्याचा प्रत्यक्ष अर्थ एवढाच, की त्या पात्राचे तेथील अस्तित्व पुसून टाकावयाचे. वस्ती लहान होती तोवर हा पितृवत् कारभार बरा चालला. ती वाढली तशी गाऱ्हाणी वाढली, आणि निवाडा कोणताही दिला तरी एक पक्ष नाराज व्हावयाचा, हे ठरून गेले. ज्याने एखाद्या तालुक्याचा कारभार पाहिला आहे, त्याला यात नवे काही आढळणार नाही.

नवे होते ते कर्टिस यांचे उत्तर. डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी एक जाहीरनामा काढला. जादूगारांनी यापुढे केवळ तंत्रज्ञ म्हणून राहावे, यंत्राची देखभाल करावी, आणि वस्तीतील माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हा प्रश्न वस्तीनेच सोडवावा, असा त्याचा आशय होता. राजा स्वखुशीने सिंहासनावरून उतरला, असेच पुष्कळांना वाटले. परंतु उतरताना त्याने मागे राज्यघटना ठेवली नव्हती, न्यायालय ठेवले नव्हते, मतदानाची रीतही ठेवली नव्हती.

पोकळीचा हा काळ फार दिवस निर्वेध गेला नाही. मार्च १९९३ मध्ये एका रात्री ‘मिस्टर बंगल’ हे नाव धारण केलेल्या एका रहिवाशाने एक आज्ञावली वापरली. तिच्या योगे दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर हवी ती कृत्ये, जणू त्यांनीच केली अशा रीतीने, सर्वांसमोर लिहून दाखविता येत. भर दिवाणखान्यात त्याने काही पात्रांच्या वाट्याला अत्यंत किळसवाणा लैंगिक अत्याचार आणला. घडले ते सारे शब्दांत, हे खरे. पण त्यांतील एका पात्रामागे असलेली सिएटल शहरातील स्त्री दुसऱ्या दिवशी त्याचा निषेध लिहीत असताना तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. हा प्रकार ज्युलियन डिबेल या लेखकाने डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात सविस्तर मांडला आणि त्यामुळे लॅम्डामूचे नाव बाहेरच्या जगात पोहोचले.

बंगलला बेडूक करावे, अशी मागणी झाली. पण ती कोणाकडे करावयाची? जादूगारांनी तर हात वर केलेले. म्हणून वस्तीची सभा भरली. त्या सभेत उमटलेली मते आपण राज्यशास्त्राच्या ग्रंथांत वाचलेलीच आहेत. काही म्हणाले, आधी कायदा करा, न्यायमंडळ नेमा, मग शिक्षा द्या. गुन्ह्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देणे हा अन्याय आहे. काहींना जुनी राजवट हवी होती. जादूगारांनी पुन्हा सूत्रे हाती घ्यावीत, असे त्यांचे म्हणणे. काही म्हणाले, ज्याला त्रास होतो त्याने त्या माणसाचे शब्द आपल्या पडद्यावर येणार नाहीत अशी सोय करून घ्यावी. तेवढी आज्ञा यंत्रात आहेच. आणि काहींना कसलेच सरकार नको होते. खुद्द बंगलही सभेत येऊन गेला. रात्र सरली, माणसे पांगली, निर्णय झाला नाही. सभेत हजर असलेला एक जादूगार मात्र नंतर एकटाच विचार करीत बसला आणि कोणाचीही आज्ञा नसताना त्याने बंगलचे पात्र पुसून टाकले.

या कृत्याला काय म्हणावे? बहुतेकांना ते न्याय्य वाटले, आणि कायदेशीर म्हणावे असे तर त्यात काहीच नव्हते. ज्या अधिकाराचा जाहीर त्याग झाला होता, तोच अधिकार पहिल्या कसोटीच्या प्रसंगी, नियमाविना, एकट्याच्या विवेकावर वापरला गेला. शिवाय तो माणूस पुढे दुसरे नाव घेऊन परत आल्याचे रहिवाशांच्या ध्यानी आले. तेव्हा शिक्षाही पुरी झाली नाही.

परगावी असलेले कर्टिस परतल्यावर त्यांना आपल्या जाहीरनाम्यातील उणीव दिसली आणि त्यांनी कायदे करण्याची एक रीतसर पद्धत बसविली. कोणत्याही रहिवाशाने अर्ज लिहावा. त्यावर दहा सह्या मिळाल्या की तो जादूगारांकडे छाननीस जावा. छाननीतून सुटल्यावर आणखी सह्या मिळवून तो मतास टाकला जावा. विरुद्ध पडलेल्या मतांच्या किमान दुप्पट मते अनुकूल पडली, तरच प्रस्ताव संमत व्हावयाचा. अनुकूल ३०० आणि प्रतिकूल १६० मते पडली, तर साध्या बहुमताने जो सहज पार पडला असता, तो प्रस्ताव येथे पडे. संमत झालेला प्रस्ताव अमलात आणण्याचे बंधन जादूगारांवर होते. उपद्रवी पाहुण्याला बाहेर घालविण्याचा अधिकार सामान्य रहिवाशांना याच मार्गाने मिळाला, आणि तंट्यांसाठी लवादाची व्यवस्थाही याच मार्गाने आली. स्वेच्छेने पुढे आलेले रहिवासी लवाद होत आणि दोषी ठरलेल्या पक्षास काही काळ हद्दपार करण्यापर्यंत त्यांचे अधिकार पोहोचत.

वरवर पाहता ही लोकसत्तेची परिपूर्ण व्यवस्था होती. परंतु छाननीचा टप्पा किंचित निरखून पाहावा. प्रस्ताव तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे काय, पुरेसा स्पष्ट आहे काय, बाहेरच्या खऱ्या जगाच्या कायद्याविरुद्ध तर जात नाही ना, यंत्राच्या सुरक्षिततेस त्यापासून धोका नाही ना, हे सारे जादूगार ठरवीत. हे प्रश्न निव्वळ तांत्रिक दिसतात, पण प्रत्येकाच्या पोटात धोरण दडलेले आहे. ‘पुरेसा स्पष्ट’ म्हणजे किती स्पष्ट? संमत प्रस्तावाचे आज्ञावलीत रूपांतर करताना जेथे शब्द मूक असतील, तेथे अर्थ कोणाचा? लिहिणाऱ्याचाच. न्यायालयात वकिलाला कायद्याच्या शब्दाशी झगडता तरी येते. यंत्रात शिरलेल्या कायद्याशी झगडता येत नाही.

आपल्या इतिहासात याला एक जवळचा दाखला आहे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविली गेली. अर्थ, पोलीस आणि जमीनमहसूल राखीव राहिले. सोपविलेल्या आणि राखीव खात्यांमधील रेघ कागदावर ठळक होती. पण शाळा काढावयाची तर पैसा राखीव बाजूच्या तिजोरीत! १९२४ च्या मुडिमन समितीने या पद्धतीची तपासणी केली, तेव्हा सप्रू, जिना, शिवस्वामी अय्यर आणि रँग्लर परांजपे यांनी वेगळे मतपत्रक जोडून दोष तपशिलात नसून मूळ रचनेतच असल्याचे सांगितले. परांजपे यांनी मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री म्हणून त्या रेघेचा अनुभव स्वतः घेतलेला होता. १९३७ साली प्रांतांतील ही पद्धती संपली. दोन्हींत फरक मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. इंग्रजांना सत्ता सोडावयाची नव्हती म्हणून त्यांनी रेघ ओढली. कर्टिस यांना ती मनापासून सोडावयाची होती म्हणून त्यांनी ओढली. आश्चर्य हे, की हेतू इतके भिन्न असूनही रेघ दोन्हीकडे सारखीच पुसट ठरली.

लॅम्डामूच्या विधिकार्यात आणखी एक भेद सतत डोके वर काढी. एका पक्षाचे म्हणणे असे, की हा एक समाज आहे. त्याला सुव्यवस्थित कायदे, निश्चित व्याख्या आणि पूर्वनिर्णयांची परंपरा हवी. दुसरा पक्ष म्हणे, की ही करमणूक आहे; विरंगुळ्यासाठी आलेल्या माणसाला येथेही कलमे-पोटकलमे कशाला? लवादाचे निर्णय या ओढाताणीत सापडत. लवादांना धरून चालावे अशी पुरी संहिता नव्हती. त्यामुळे सारख्या दोन तंट्यांत दोन लवाद निरनिराळे निवाडे देऊ शकत. तंट्याची चर्चा उघड्यावर चाले, आणि जो तो आपले मत लिही. परिणामी तंटा मिटविण्याचे साधनच पुष्कळदा तंट्याचे कारण होई.

१६ मे १९९६ रोजी जादूगारांनी दुसरा जाहीरनामा काढला. तांत्रिक निर्णय आणि सामाजिक निर्णय यांची फारकत करता येत नाही, असा साडेतीन वर्षांच्या अनुभवाचा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि सामाजिक परिणाम होणारे निर्णयही गरज पडेल तेव्हा आपण घेऊ, असे स्पष्ट केले. वस्ती त्यानंतरही चालू राहिली, पण स्वराज्याचा तो प्रयोग मूळ स्वरूपात तेथे संपला.

या शेवटावरून लोकसत्ता अशक्य आहे, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. त्या माणसांनी शून्यातून मतदानाची रीत अंगी बाणविली, कायद्याचे मसुदे रचले, परस्परांना पटविण्याचे कष्ट घेतले. पैसा वा पद यांचा कसलाच लाभ नसता ही मेहनत केली, हे लहान यश नव्हे. अपयश आले ते वेगळ्या जागी. सत्ता सोडल्याची घोषणा झाली, पण किल्ल्या होत्या तेथेच राहिल्या. जो अधिकार ‘नाही’ असे जाहीर झाले, त्याला मर्यादा घालण्याचे कोणाला सुचणार? नसलेल्या अधिकारावर अपील कोठे करावयाचे? कर्टिस यांनी १९९२ मध्येच ‘हा अधिकार माझा आहे, त्याच्या वापराचे नियम हे, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा ही’ असे सांगितले असते, तर ते कमी उदार दिसले असते, पण रहिवासी अधिक सुरक्षित झाले असते.

धोरण ठरविणारे निराळे आणि अंमल करणारे निराळे, या तत्त्वावर आपली सनदी सेवा उभी आहे, आणि ते तत्त्व मोलाचे आहे. पण ज्या अधिकाऱ्याला आपल्या मंजुरीत धोरण नाही असे खरोखरच वाटू लागते, त्याच्या टेबलावर धोरण सर्वांत जास्त ठरत असते. एखाद्या दूरच्या गावचा अर्ज ‘तांत्रिक कारणास्तव नामंजूर’ असा शेरा घेऊन परतताना आपण पाहिलेला आहे. त्या दोन शब्दांआड कोणाचा कोणता निर्णय होता, हे अर्जदाराला विचारता येते काय, आणि विचारल्यास उत्तर देण्यास कोणी बांधलेला आहे काय, एवढे जरी प्रत्येक कचेरीने तपासून पाहिले, तरी त्या कल्पितनगरीतील रहिवाशांचे श्रम वाया गेले नाहीत असे म्हणता येईल.