घाट उतरलेली माणसं

आजीला घेऊन एस.टी.नं पुण्याला निघालो की खोपोली सुटल्यावर तिची मूठ आवळायची. मुठीत दोन नाणी. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आलं की एक खिडकीतून भिरकवायची, पाठोपाठ दुसरं. शिंग्रोबाची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. साहेबाला घाट चढायची वाट गवसेना, ती या धनगरानं दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाला, आमचा मुलूख सोडून जा. साहेबानं गोळी घातली. याला कागदाचा आधार किती, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. मला पडला तो वेगळाच: दुसरं नाणं कोणाचं?

"आपल्या माणसाचं. त्याला कुठं कोणी देऊळ बांधलंय?"

आपला माणूस म्हणजे आजोबांचा आजा. साताऱ्याकडून रेल्वेच्या कामावर खडक फोडायला घाट उतरून आलेला. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षी ती घाटावर चढवायचं काम निघालं. पावणेसोळा मैलांची चढण, २५ बोगदे. १८६१च्या सुमाराला कामावर ४२,००० माणसं होती. पाऊस लागला की काम बंद, माणसं आपापल्या गावी. दसऱ्यानंतर पुन्हा जमवाजमव. १८५९ साली मजुरी थकली म्हणून दंगा झाला आणि पहिला कंत्राटदार फॅव्हिएल बाहेर पडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच आठवड्यांत तापानं गेला. त्याचं कंत्राट बायकोनं, अॅलिस ट्रेडवेलनं, पुरं करून घेतलं. १८६३च्या एप्रिलात घाट खुला झाला. मधल्या काळात पटकीनं माणसं किती गेली ते आजी आकड्यात सांगत नसे. सासऱ्यांकडून ऐकलेलं एवढंच सांगायची: संध्याकाळी भाकऱ्या थापायच्या तेवढ्या थापायच्या, सकाळी खायला माणसं कमी.

हा माणूस वाचला, कर्जतच्या अंगाला राहिला, इथलीच बायको केली. गावानं त्याला घाटी म्हटलं. त्याच्या मुलालाही घाटीच म्हटलं. आजी लग्न होऊन आली तेव्हाही पाणवठ्यावर "घाट्यांची सून" अशीच तिची ओळख होती, आणि तोवर घराला इथं ८० वर्षं होऊन गेली होती. आज माझा चुलतभाऊ स्टेशनबाहेर चहा पिताना "हे भैये किती वाढलेत बघ" म्हणतो तेव्हा मला पाणवठा आठवतो. त्याला सांगून उपयोग नाही. सांगून पाहिलंय.

पुढं १९१५मध्ये खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खाली पडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. तिच्या मागोमाग आमची माणसंही गेली. आजोबा गेले, मग काका. १८ जानेवारी १९८२ला संप लागला. काका ट्रंक घेऊन परत आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. तोवर खोपोलीत पोलादाचे, कागदाचे कारखाने उभे राहिले होते. भट्टीपुढच्या कामाला बिहार-उत्तर प्रदेशातून पोरं आली. आमच्यातले काही टाइमकीपर झाले आणि त्या पोरांच्या हजेऱ्या मांडू लागले.

शेतीतही तेच झालं. लावणीला पूर्वी सावड असे: आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. घरोघरची तरुण माणसं लोकलनं जायला लागल्यावर सावड कोणाशी करायची? चुलतभावानं दोन पावसाळे "मजूर मिळत नाही" म्हणून कपाळाला हात लावला आणि जमीन फार्महाउसला विकली. आता तिथं नेपाळचा राखणदार आहे. मजूर मिळत नाही आणि बाहेरचे फार झाले, ही दोन्ही वाक्यं मी त्याच्या तोंडून एकाच चहात ऐकली आहेत.

या सगळ्या ये-जा करणाऱ्यांच्या आधीपासून इथं आहेत ते ठाकर आणि कातकरी. त्यातला कातकरी दरवर्षी बाहेर पडतो. पावसाळ्यात हात आखडतो, मुकादम उचल देऊन जातो, आणि दिवाळी सरली की ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर. एका भट्टीवर मी पहाट काढली आहे. नवरा गारा तुडवत होता, बायको साचा उपडा करून विटांची ओळ लांबवत होती, सहा-सात वर्षांची मुलगी पुढं जाऊन जागेवर राख भुरभुरत होती. भट्टी भाजायला तूस आणलेलं. आमच्याच भाताचं असेल. मजुरी हजार विटांवर, त्यातून आठवड्याला खर्ची, आणि उरलेला हिशेब मिरगाच्या तोंडावर. हिशेबात उचल फिटली असं फार थोड्यांना ऐकायला मिळतं.

२०११च्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या कामावर होतो. आमच्या घराचा अर्ज भरताना गंमत झाली. आजी पाताळगंगेकाठची, खालापूर तालुक्यातली. लग्नानं कर्जत तालुक्यात आली. रकान्याप्रमाणे ती स्थलांतरित, कारण विवाह. त्या जनगणनेत देशभरात अशी ४५ कोटी माणसं भरली, आणि बायकांमध्ये सर्वात मोठं कारण लग्नच. नव्वदीची आजी म्हणाली, "म्हणजे मीपण घाटीच की."

दुसऱ्या दिवशी डोंगरालगतच्या कातकरीवाडीत गेलो. दारांना सुंभ बांधलेले, अंगणात कोंबड्या. एका ओट्यावर म्हातारी बसली होती.

"आजी, घरात माणसं किती?"

तिनं बोटं मोडत मुलगा, सून, नातवंडं मोजली. "सात. सून पोटुशी होती, आता आठ असतील."

"कुठं आहेत?"

"भट्टीवर."

"महिनाअखेर येतील?"

ती हसली. मोजणीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याला घरी धरायचं नाही, असा नियम. भट्टी कोणत्या तालुक्यात आहे हेही तिला माहीत नव्हतं. मी रकान्यात लिहिलं: १.