रोगण, मेण आणि फडके : वाहनाच्या झळाळीचा इतिहास

वस्तूला चकाकी आणण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. समई चिंचेने घासणे, चांदीची भांडी रांगोळीने उजळणे, शिसवी पेटीला तेल चोळणे ही कामे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या मानाने मोटारीच्या रंगाची घरच्या घरी निगा राखणे ही अलीकडची गोष्ट, सुमारे शंभर वर्षांची. एवढ्या थोड्या अवधीतही तिला भरगच्च इतिहास लाभला आहे. त्यात स्फोटकांचे कारखाने आहेत, ब्राझीलमधली ताडाच्या जातीची झाडे आहेत आणि आपला दसराही आहे. ज्यांच्या अंगणात एखादी जुनी गाडी आजही उभी आहे, त्यांना हा इतिहास नुसता मनोरंजक नव्हे, तर उपयोगाचाही वाटेल, म्हणून तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

आरंभी शब्दांचा घोटाळा दूर करणे इष्ट. आपण 'पॉलिश' हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांना लावतो. पहिली क्रिया घासण्याची. रंगाचा वरचा निस्तेज, खडबडीत झालेला थर बारीक भुकटीने काढून खालचा ताजा थर उघडा करणे, म्हणजे खरे पॉलिश. दुसरी क्रिया माखण्याची. घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठावर मेणाचा पातळ लेप देणे, म्हणजे वॅक्स. पहिल्या क्रियेत काहीतरी वजा होते, दुसरीत काहीतरी अधिक होते. चांदी रांगोळीने घासताना फडके काळे होते, आणि पिढ्यांच्या घासण्यानंतर ताटावरची नक्षी झिजून सपाट होते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना पुरते ठाऊक होते. मोटारीच्या रंगाचेही तेच आहे. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा सारा इतिहास नीट उलगडतो.

मोटार आली तेव्हा तिच्यासाठी वेगळा रंग नव्हता. बग्गीला जो रंग देत तोच मोटारीलाही दिला जाई. जवसाच्या तेलातले रंग, त्यांवर तेलात शिजवलेल्या राळेचे रोगण, आणि प्रत्येक दोन हातांच्या दरम्यान पाणी व खरवडीच्या दगडाची भुकटी घेऊन केलेली घासणी, अशी ती पद्धत होती. एकेक थर वाळायला दिवसच्या दिवस लागत आणि सबंध गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे जात. एवढे करूनही ते रोगण उन्हापावसात पिवळे पडे आणि तडकेही. श्रीमंतांच्या बग्ग्या ठरावीक काळाने पुन्हा रोगणासाठी कारखान्यात धाडाव्या लागत.

ही रंगाची रखडपट्टी मोटारीच्या धंद्याला परवडणारी नव्हती. हेन्‍री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ साली बाजारात आली. १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगात मिळे, त्याआधी आणि त्यानंतर इतर रंगांतही मिळत असे. हा काळा रंग डांबरी जातीचा, भट्टीत भाजून पक्का होणारा, टिकाऊ आणि स्वस्त होता. लोकांना रंगीत गाड्या हव्या होत्या, पण रंग झटपट वाळावा कसा, हा प्रश्न सुटत नव्हता.

तो सुटला युद्धामुळे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून होणारे नायट्रोसेल्युलोज हे पहिल्या महायुद्धातील बिनधुराच्या दारूचे मूलद्रव्य. १९१८ साली युद्ध थांबले आणि ते पदार्थ बनवणाऱ्या अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीपुढे प्रचंड कारखान्यांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. याच कंपनीचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता. दोहोंच्या प्रयत्नांतून नायट्रोसेल्युलोजवर आधारलेले 'ड्युको' नावाचे लॅकर तयार झाले, आणि १९२३ साली ओकलंड या गाडीच्या पुढील वर्षाच्या निळ्या नमुन्यांवर ते प्रथम झळकले. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि रंगीत गाड्यांचा जमाना सुरू झाला. लाक्षागृहाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचे कौतुक वाटावे. झळाळी देणारा पदार्थ आणि भडका उडवणारा पदार्थ एकच असू शकतो, हे आपल्याला नवे नाही.

लाखेचा हा उल्लेख केवळ अलंकारिक नाही. इंग्रजीतील 'लॅकर' हा शब्दच मुळी आपल्या 'लाख', संस्कृत 'लाक्षा' या शब्दापासून पोर्तुगीजांच्या मार्फत युरोपात गेला. पळस, कुसुम, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख आमच्या अविभाजित मध्य प्रदेशातील जंगलांची मोठी उपज होती. तिच्यापासून होणारे चपडे परदेशी जाऊन लाकडी सामानाचे 'फ्रेंच पॉलिश' होई. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी आणि वडोद्याजवळील संखेड्याचे फर्निचर ही याच कुळातली. गंमत अशी की, 'ड्युको' हे नाव आपल्याकडच्या सुतार-रंगाऱ्यांच्या तोंडी पक्के बसले आहे. कपाटाला 'ड्युको' मारायचा की 'मेलामाईन', असे ते आजही विचारतात. त्या नावामागे महायुद्ध उभे आहे, याची गंधवार्ता ना त्यांना असते, ना आपल्याला.

या नव्या रंगाने झळाळीचे काम मात्र वाढवले. लॅकर फवारल्यावर वाळे लवकर, पण वाळल्यावर दिसे मंद. त्याला चमक यायची तर तो घासावाच लागे. शिवाय सूर्यप्रकाशाने वरच्या थरातील बांधणारा पदार्थ कुजून रंगाची पूड सुटत असे. म्हणजे गाडी विकत घेतली तरी चमक आयती मिळत नव्हती. ती मालकाने वरचेवर स्वतः मिळवायची होती. नेमक्या याच सुमारास अमेरिकेत मोटार सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आली होती. त्याच्याकडे ना कोचमन होता, ना मोतद्दार. रविवारी सकाळी बाह्या सरसावून गाडी चमकवणारा मालक इतिहासात प्रथम अवतरला तो असा.

त्याला माल पुरवणारे पुष्कळ निघाले. फ्रँक मेग्वायर यांनी १९०१ साली इंडियाना राज्यात लाकडी सामानाचे पॉलिश बनवायला घेतले आणि बग्गीसारखेच रोगण ल्यालेल्या मोटारींकडे तो धंदा वळला. शिकागोच्या 'सिमोनाइझ' कंपनीचा जन्म १९१० चा. तिचा मेणलेप इतका लोकप्रिय झाला की, ते नाव क्रियापद बनून इंग्रजी शब्दकोशात गेले. त्याच शहरातील बेन हर्श यांनी १९४० च्या दशकात न्हाणीघरातील टबात पॉलिश घोटून विकायला आरंभ केला. रस्त्यात उभ्या असलेल्या गाडीचा एकच पंखा चमकवून ते मालकाची वाट पाहत थांबत, असे सांगतात. अर्धी चमकलेली गाडी घेऊन घरी जाण्यास कोण राजी होणार? 'टर्टल वॅक्स' ही पुढे जगभर पसरलेली कंपनी त्यातूनच उभी राहिली.

या साऱ्या लेपांचा राजा म्हणजे कार्नोबा मेण. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशातील एका ताडाच्या जातीच्या झाडाची पाने स्वतःतील ओल टिकवण्यासाठी हे मेण अंगावर धरतात. पाने कापून, वाळवून, झोडपून त्याची भुकटी मिळवतात. आपले मधमाशांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नोबाला ८२ ते ८६ अंश लागतात. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावरही ते पाघळत नाही, हे त्याच्या मानाचे कारण. एकटे मात्र ते इतके कठीण असते की हाताने पसरणे शक्य नाही. म्हणून मऊ मेणे आणि उडून जाणारे द्रावक मिसळून त्याचा लेप करतात. या झाडांचा पुरवठा टिकेल काय, हे पाहण्यासाठी जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ साली उभयचर विमानाने अमेरिकेतून ब्राझीलला गेले आणि सुमारे २२,००० मैलांची फेरी करून परतले. घराच्या फरशीच्या आणि गाडीच्या चमकेसाठी एवढा प्रवास झाला, हे त्या काळाचे द्योतक आहे.

आपल्याकडे चित्र निराळे होते. मोटार प्रथम संस्थानिकांच्या दारी आली आणि फडके सेवकांच्या हाती राहिले. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांची ड्यूझेनबर्ग गाडी सर्वश्रुत आहे. यंत्र व सांगाडा अमेरिकेचा, वरची देहयष्टी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी १९३६ च्या सुमारास घडवलेली आणि रंग केशरी व काळा. अशा गाड्यांची निगा हा मोटारखान्याचा विषय होता, मालकाच्या हाताचा नव्हे. घरच्या मालकाच्या हाती फडके आले ते स्वातंत्र्यानंतर. १९५७ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडू लागली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला फियाट बनवली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. परवाना-राज्यात पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, स्कूटरसाठीसुद्धा. इतक्या प्रतीक्षेनंतर घरात आलेले वाहन म्हणजे कुटुंबातील एक सदस्यच. खंडेनवमीला ते धुवायचे, पुसायचे, पॉलिशची डबी उघडायची, आणि दसऱ्याला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालायचा, हा आपल्या घरांतील क्रम वाचकांना वेगळा सांगायला नको. मराठी मुलखापासून दूर राहिलेल्या कुटुंबांत तर शस्त्रपूजेची जागा वाहनपूजेने केव्हा घेतली, ते कळलेही नाही.

शासकीय सेवेत आम्ही पांढऱ्या अँबॅसडर गाड्यांच्या रांगा पुष्कळ पाहिल्या. सकाळी कोरड्या पिवळ्या फडक्याने गाडी झटकण्याचा तेथे नियम होता. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती कोरडीच चोळली की रंगावर गोल गोल ओरखड्यांचे जाळे पडते आणि काही वर्षांत पांढरी गाडी खडूसारखी दिसू लागते. घरच्या मालकांची रीत अधिक शहाणपणाची असे. गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा, भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग मऊ जुन्या धोतराच्या तुकड्याने एका वेळी हातभर जागेवर हलके पॉलिश करायचे. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्यायचा, तो धुरकट दिसेपर्यंत थांबायचे आणि दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसायचे. थर जाड दिला म्हणजे चमक जास्त, हा समज खोटा. जास्तीचे मेण पुसण्यातच जाते.

ते फडके हा एक इतिहासाचा साक्षीदारही आहे. जुन्या गाडीवर पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरला, तर तो एकाच जातीच्या थरांचा जुना रंग समजावा. फडके पांढरेच राहिले, तर वर पारदर्शक थर आहे. रंगाचा एक थर आणि त्यावर पारदर्शक लेप, ही पद्धत १९८० च्या दशकात जगभर रुळली. पुढे ती आपल्याकडेही आली. १९८३ साली मारुती आल्यानंतर आपली गाड्यांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली होती. नव्या रंगाची पूड सुटत नाही, म्हणून वर्षावर्षाचे पॉलिश मागे पडले. 'टेफ्लॉन' आणि 'सिरॅमिक' लेपांची दुकाने निघाली आणि फडके पुन्हा मालकाच्या हातातून परक्या हाती गेले. शंभर वर्षांत चक्र पुरे झाले म्हणायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आपल्या जुन्या वाड्यांतून ज्या थोड्या गाड्या उरल्या आहेत, त्या आता वाहन कमी आणि दस्तऐवज अधिक आहेत. २०२१ साली केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, तीत वाहन मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरीनची सनदही हेच सांगते की, नवे करण्यापेक्षा आहे ते जपणे श्रेष्ठ. जानेवारी २०२३ मध्ये वडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा मेळ्यांनंतर घरोघरी उत्साह येतो आणि पहिला घाव पडतो तो मूळ रंगावर. तरुण मंडळी यंत्रावर चाक लावून एका दुपारी गाडी आरशासारखी करू पाहतात, नाहीतर सगळा रंग खरवडून नवा मारतात.

येथे घासणे आणि माखणे यांतला भेद पुन्हा आठवावा. आजच्या गाडीवरील सारे थर मिळून शंभर-दीडशे मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका-दोन केसांइतकी जाडी. जुन्या गाडीवर त्यातले किती उरले आहे, ते आजोबांच्या फडक्यांना ठाऊक. दर पॉलिशला काही मायक्रॉन कायमचे जातात, ते परत येत नाहीत. कडा आणि उंचवटे यांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तेथेच आतला अस्तराचा थर प्रथम उघडा पडतो. आम्ही जुन्या दप्तराच्या कामात एक धडा शिकलो. फाटका कागद सांधता येतो, पण खोडलेले अक्षर पुन्हा आणता येत नाही. मूळ रंगाचेही तसेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. घरात जुनी गाडी असेल, तर धुणे आणि मेण लावणे वर्षातून एकदोनदा खुशाल करावे. त्याने जाते काहीच नाही, उलट ऊन आणि ओल यांपासून आडोसा मिळतो. घासायचे मात्र क्वचित, हाताने आणि बेताने. थोडी मंद चमक, बोनेटवर एखादा पुसट ओरखडा, दाराच्या कडेला वर्षानुवर्षांच्या हातांनी झिजलेला पट्टा, हे दोष नव्हेत. ज्यांनी वाट पाहून ती गाडी घेतली आणि दर दसऱ्याला ती आपल्या हाताने पुसली, त्यांच्या त्या खुणा आहेत. आरशासारखी चमक पैसे टाकून कोठेही मिळते. या खुणा मात्र एकदा घासून टाकल्या की कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.